ज्याचं गाऱ्हाणं, त्याचं तोंड

कान्हू जुन्या वळणाचा माणूस. तोंडावर सांगितलंत तरी त्याला राग येत नाय. उलट विचारतो, "मग? नव्या वळणावर काय फुकट वाटतायत?"

धरमतरच्या अलीकडं, खाडीकाठी त्याचं गाव. गावातली अर्धी माणसं मुंबईत, भांडुपला. तीपण एकाच वॉर्डात, भिंतीला भिंत लावून. कान्हूची नोकरी तिथंच झाली. दिवसभर कंपनी, संध्याकाळी पक्षाची शाखा. पोस्टरं चिकटवली, सतरंज्या अंथरल्या, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. आपण नगरसेवक व्हावं असं कधी डोक्यात आलं नाय. पक्ष म्हणजे घर, आणि घरात राबणाऱ्यानं मजुरी मागायची नसते. मग त्या घराचे दोन भाग झाले. दोन्हीकडची माणसं त्याला न्यायला आली. कान्हूनं दोघांना चहा पाजला, म्हणाला, "भावाभावांच्या वाटणीत मी पडत नाय." रिटायर झाला आणि बायकोला, इंदुबाईला घेऊन गावी भातशेतीला लागला.

राजकारण सुटलं, मतं काय सुटली नायत. कोणी विचारलं की तो सांगणारच. "महापालिकेनं गटार काढावं, नळाला पाणी सोडावं, मराठी शाळा चालू ठेवावी. बास. साड्या नि सायकली द्यायला आमच्या घरात आईबाप हायत."

गावकीचा प्रमुख पंचही तोच. गावकीचे नियम त्याला पाठ, आणि सगळे त्याला सारखेच प्यारे. एक, देवळात पक्ष आणायचा नाय. दोन, ज्याला काय मागायचं त्यानं स्वतः उभं राहून मागायचं, दुसऱ्यानं त्याच्यासाठी बोलायचं नाय. आणि तीन, गावकीत बायका पडवीत बसतात, ऐकतात, बोलत नायत.

यंदा मुंबईची निवडणूक लागली आणि भांडुपचा तो वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. कान्हूचा मुलगा निकेश किती वर्षं तिथं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. दोन्ही गटांनी बायकोलापण तिकीट दिलं नाय, म्हणून त्यानं तिला, नमिताला, अपक्ष उभी केली. बॅनर लागला. त्यावर निकेश हा एवढा मोठा, आणि खाली कोपऱ्यात नमिता हात जोडून.

गावच्या मतांशिवाय ती निवडून येत नव्हती. गावकीनं शब्द दिला तर सगळी घरं एका बाजूला. नाय दिला तर दोन दिवसांत अर्ज मागं, विषय संपला.

रविवारी सकाळच्या गाडीनं मुंबईकर कासू स्टेशनला उतरले, रिक्षा करून देवळात आले. पुरुष सभामंडपात, बायका पडवीत. निकेश कडक पांढऱ्या शर्टात उभा राहिला.

"मंडळी, नमिता तुमचीच सून हाय. तिच्या वतीनं मी..."

"बस खाली," कान्हू म्हणाला.

"बाबा, सुरुवात तरी करू द्या."

"सीट कोणाची?"

"नमिताची, पण..."

"मग तुझं काय दुखतंय?"

मंडपात हशा पिकला. निकेश कानापर्यंत लाल झाला. "चार माणसांत ती बोलणार हाय काय?"

"बोलणार नसेल तर उभी कशाला केलीस? शोभेला?"

तेवढ्यात मोरू खाकरला. मोरू म्हणजे कान्हूचा भांडुपचा शेजारी. उभा जन्म दोघं भांडत आले आणि एकमेकांशिवाय जेवले नायत.

"कान्हू, ज्याचं गाऱ्हाणं त्याचं तोंड, हे कबूल. पण बायकांनी गावकीत बोलायचं नाय, हा नियमपण तूच राखलास. आज सुनेसाठी कुठला मोडतोस, तेवढं सांग म्हणजे झालं."

हशा थांबला. मोरू खोटं बोलत नव्हता. नमिताला बोलू दिलं तर लोक म्हणणार, स्वतःच्या घरचं आलं तेव्हा कान्हूचे नियम पातळ झाले. गप्प बसवलं तर निकेश बोलणार, आणि दुसरा नियम गेला. नवरा बोलतो नि बायको हात जोडते, असलं नाटक शहरात कान्हूनं लय बघितलं होतं. त्याला त्याची शिसारी होती. पण गावकीतला आपला शब्द म्हणजे त्याची सगळी कमाई. दुसरं होतं काय त्याच्याकडं?

पडवीतून इंदुबाईचा आवाज आला. "अवो, बांधाला खांड पडली तेव्हा कोण वरडत होतं?"

"इंदू, गप."

"गपच हाय मी. विचारते फक्त."

ती खांड सगळ्यांना आठवली. भर उधाणात बांध फुटून खाडीचं खारं पाणी भातात शिरलेलं. बरेच पुरुष कामावर, मुंबईला. कंबरभर चिखलात उभी राहून इंदुबाई सांगत होती, पेंढा इकडं टाका, माती तिकडं टाका. आणि अख्खं गाव मुकाट ऐकत होतं.

कान्हूनं मोरूकडं बघितलं. "तू रजेवर आलेलास तेव्हा. मातीच्या पाट्या कोणाच्या हुकमानं उचलल्यास?"

"पाणी गळ्याशी आलं होतं रे."

"आणि भांडुपला दर पावसात कुठवर येतं?"

मोरूनं हात कमरेशी नेऊन दाखवला. त्याचं घर तळमजल्याला.

"मी नियम मोडत नाय," कान्हू सगळ्यांना म्हणाला. "बांधावर बाय बोलली, गावानं ऐकलं. रिवाज तवाच पडला. मीच तो मानला नाय, हट्टानं. नमिता, ये मधी."

नमिता मंडपात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज खणखणीत.

"मी फुकट काय देणार नाय," ती म्हणाली.

"मग मत कशाला द्यायचं?" मागून भांडुपचाच जगन म्हणाला. परत हशा.

"गटारासाठी द्या. पावसाच्या आधी ते काढून घेईन, वॉर्ड ऑफिसात रोज जाऊन बसेन. आतापण बसतेच की. आणि शाळेसाठी द्या. आपली मराठी शाळा पोरं नायत म्हणून बंद करतील. पोरं कुठं हायत? तुम्हीच नातवंडं इंग्लिशला घातलीत. मी भांडू कोणाच्या जिवावर?"

"तुझा पोरगा आदर्श कुठं जातो गो?" मोरूनं बरोबर धरलं.

नमितानं बोटाचा पदर सोडला. "इंग्लिशलाच जातो. जूनपासून मराठीत."

"हे कधी ठरलं?" निकेश अर्धा उठला.

"आत्ता."

आता पडवीतल्या बायकापण हसल्या. कान्हूनं पंचाचं तोंड करून छताकडं बघितलं. आतून मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. इतक्या सभांत सतरंज्या घातल्या, पण आधी स्वतःच्या घरात करतो नि मग मागतो, असं म्हणणारा एक पुढारी त्याला भेटला नव्हता.

जगननं बिल्डरचं विचारलं, चाळी पाडून टॉवर कधी होणार. नमिता म्हणाली, "मला माहीत नाय. माहिती काढून सांगते. खोटी तारीख देणार नाय."

गावकीत हात वर करायची पद्धत नाय. कोणाला नकार असेल तर त्यानं उठून सांगायचं. कोणी उठलं नाय. मोरूनं देवापुढचा नारळ उचलला. निकेशनं सवयीनं हात पुढं केला.

"तुला नाय रे," मोरू म्हणाला आणि नारळ नमिताच्या हातात ठेवला.

जेवणाच्या पंगती उठत होत्या तेव्हा निकेशचा फोन वाजला. भांडुपहून कोणीतरी कोपरा सभेची तारीख मागत होतं. "मंगळवारी ठेवा" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. समोर कान्हू हात धूत होता, डोळे निकेशवर.

"एक मिनिट," निकेश फोनवर म्हणाला. तोंड वाकडंच होतं, पण पडवीपर्यंत चालत गेला. "नमिता, तारीख विचारतायत. तू सांग."