बैलाच्या दहाव्याचं चित्र

नेवासा फाट्यावरच्या फ्लेक्सच्या दुकानात मी बचत गटाचा फलक न्यायला गेले होते. तिथे एक शेतकरी बाकावर टेकायलाच तयार नव्हता. त्याच्या मेलेल्या बैलाचा उद्या दहावा होता. फोटो एकच, तोही धूसर. म्हणून दुकानातली मुलगी एआयकडून चित्र करून घेत होती.

“झालं का, ताई?”

“अजून रांगेतच दाखवतंय, काका. आपल्या आधी दुसऱ्यांची चित्रं आहेत.”

तो टोपी काढायचा, झटकायचा, पुन्हा विचारायचा.

शेवटी चित्र आलं. बैल देखणा, शिंगं सरळ.

“ह्यो आमचा न्हाई. त्याचं एक शिंग वाकडं हुतं.”

“सरळच छान दिसतंय की!”

“वाकडं म्हनून कुनी घेईना, तवा तर आमच्या दावनीला आला. पुन्ना टाका.”

चित्र पुन्हा रांगेत गेलं. माझा फलक केव्हाच गुंडाळून हातात आला होता. तरी मीच म्हणाले, “बघ गं, झालं का?”