जावयाचा टेलिव्हिजन

१५ एप्रिल १९७८, शनिवार. जयंतीचा दुसरा दिवस, विहारापुढचं पटांगण, दिवेलागणीची वेळ. हजर: आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीचे, शांताबाईचे यजमान, स्वतः शांताबाई, तुळशीराम मेंबर, ज्यांच्या मुलाशी शांताबाईच्या सुजाताचं दुसऱ्या दिवशी साक्षगंध व्हायचं होतं, महादू टेलर, गयाबाई सुईण, मी, कारण सतरंज्या आणि गॅसबत्ती माझ्या ताब्यात, आणि उरलेलं सगळं गाव.

बाकीचं जग टेलिव्हिजन नुसता पाहत बसलं. त्याच्या आत जाऊन बसलेला मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे भाऊजी. मुंबईच्या गिरणीत ते बारा वर्षं होते. पाळी सुटली की परतीच्या वाटेवर एका दुकानाच्या काचेआड लावलेला टेलिव्हिजन ते फुटपाथवरून पाहत. काच बंद असल्यामुळे त्यांनी बातम्या कधी ऐकल्याच नाहीत, फक्त पाहिल्या. चार माणसं टेबलामागे बसतात, कागद सरळ करतात, एक बोलतो, तिघं माना हलवतात, मग कोणीतरी पाणी पितो आणि सगळे हसतात, एवढं शिक्षण त्यांनी पुरं केलं. ते कशाला हसत, असं मी एकदा विचारलं. भाऊजी म्हणाले, "काचंमुळं समजलं नाई. मी धरून चाललो का थे आमच्याकडंच पाहून हसून राह्यले."

सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून भाऊजी शेती पाहायला आमच्या गावी कायमचे आले आणि आल्या वर्षीच त्यांनी बाजेची जुनी चौकट उभी करून तिला तुपाच्या डब्यांची झाकणं ठोकली. हा टेलिव्हिजन. दर शनिवारी ते त्याच्या आत बसत. शेजारी तज्ज्ञ म्हणून महादू टेलर. विषय कापसाचा असो की चंद्राचा, महादू आधी भरपूर मान हलवायचा आणि मग "याच्यावर आताच बोलनं बरं नाई" एवढंच म्हणून पाणी प्यायचा. गयाबाई पेटीत पुरुषांसोबत बसायला तयार नव्हती. ती चौकटीच्या बाहेर, हाताच्या अंतरावर बसायची, म्हणून भाऊजी तिला "आमच्या बाहेरगावच्या वार्ताहर" म्हणत. बातम्या मात्र गावच्याच असत. वाशीमची बस आज वेळेवर आली, त्यामुळे सगळ्यांची चुकली. सरपंच आज दिवसभर गावात होते, कारण समजू शकलं नाही. शाळेच्या मास्तरीणबाईंनी आज फळा पुसायच्या फडक्याचीही हजेरी घेतली. ही शेवटची माझ्यावर होती, आणि ती खोटी होती असं मला म्हणता येत नाही.

गोंधळ असा की या बातम्यांतल्या खऱ्या कोणत्या आणि थट्टेच्या कोणत्या, हे ऐकणाऱ्याला कळत नसे आणि पुढं पुढं भाऊजींनाही कळेनासं झालं. "उद्या रेशनवर साखर येणार, असं साखरेनं कळवलं आहे," असं त्यांनी एकदा वाचलं. सकाळी दुकानापुढे रांग लागली. मी नीट विचार करून चालणारी बाई, तरी पिशवी घेऊन गेले. भाऊजींना बोलावून आणलं तेव्हा ते म्हणाले की आपण तर गंमत केली होती. मग रांगेकडे पाहिलं, घरी गेले, आणि स्वतःची पिशवी आणून शेवटी उभे राहिले. म्हणाले, "येवढे लोकं आले म्हंजे काई तरी असनच."

एवढी थट्टा करूनही त्यांच्यावर कोणी रागावत नसे. कारण सरळ होतं. ते गावचे जावई होते. आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई. तो आला की खाटेवर चादर अंथरायची, त्याच्या बोलण्याला उलट उत्तर द्यायचं नाही, आणि त्यानं टोपी उडवली तर ती आपणच हसत उचलून घ्यायची. सरपंचाची बातमी दुसऱ्या कोणी वाचली असती तर दुसऱ्या दिवशी त्याचं जनावर कोंडवाड्यात गेलं असतं. भाऊजींना सरपंच चहा पाजत.

त्यांचा सगळ्यात जास्त जीव तुळशीराम मेंबरवर. तुळशीराम शांताबाईचा गावकीतला भाऊ, म्हणजे भाऊजींचा साळा, आणि साळ्याची थट्टा हा तर जावयाचा हक्कच. मेंबरच्या काळात गावात पाण्याची टाकी बांधून झाली होती, पण पाइप आला नव्हता. दर शनिवारची शेवटची बातमी ठरलेली असे: "टाकीत आजही पाणी आलं नाही. मेंबर शिडीनं वर चढून आत पाहून आले. आत स्वच्छ आहे." सगळ्यांत मोठ्यानं मेंबरच हसत. पंचायत समितीत जाऊन ते हीच बातमी साहेबाला सांगत, दर आठवड्याला माझी अब्रू जाते, आता तरी पाइप द्या म्हणत.

मग मेंबरच्या मुलानं सुजाताला पसंत केलं, सुजातानं त्याला, आणि भाऊजी एका दिवसात जावयाचे मुलीचे बाप झाले. जावयानं ताठ बसायचं असतं, मुलीच्या बापानं वाकायचं असतं. एकाच गावात, त्याच माणसापुढे दोन्ही कसं करायचं? पहिल्याच भेटीत जावई आला म्हणून मेंबर खाटेवरून उठले. व्याही उठले म्हणून भाऊजी बसेनात. दोघं उभेच राहिले, चहा उभ्यानं झाला, लग्नाची बोलणी उभ्यानं झाली, आणि खाट मोकळीच राहिली. घरी आल्यावर भाऊजींनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, तुमी शिकेल हा. मी आता कोन हाय?"

अशा स्थितीत तो पंधरा तारखेचा शनिवार आला. मेंबर नवं धोतर नेसून पाहुण्यांसह पहिल्या रांगेत बसले. भाऊजींनी बस वाचली, सरपंच वाचले, मला वाचलं. टाकीपाशी आले, कागद सरळ केला, पाणी प्यायले, आणि "बातम्या संपल्या" म्हणाले. हसावं की उठावं या विचारात लोक तसेच बसले. महादूनं सवयीनं मान हलवली. मेंबर उठले, पाहुण्यांना घेऊन निघून गेले, आणि थोड्या वेळानं निरोप आला की उद्या आम्ही येत नाही.

शांताबाईचा चेहरा पाहवेना. मी तिला घेऊन तडक मेंबरच्या घरी गेले. मला वाटलं होतं, हुंड्यासारखं काही निघेल. निघालं ते वेगळंच. मेंबर ओट्यावर बसले होते.

"बाई, तीन वर्सं ह्या मानसानं मले बातमीत घेतलं," ते म्हणाले. "आज सोयरा झालो तं गावातून काढलं. लोकं काय म्हनतीन? म्हनतीन, तुळशीरामनं टाकीत पैसे खाल्ले न व्याह्याचं तोंड बंद केलं. मी येक पैसा खाल्ला नाई."

"मंग तुले काय पायजे रे दादा?" शांताबाईनं विचारलं.

"माही बातमी पायजे."

आम्ही परत येऊन भाऊजींना सांगितलं. ते चौकटीत तसेच बसले होते. मुलीच्या बापानं व्याह्याची थट्टा केली तर सोयरीक मोडते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. थट्टा न केल्यानं मोडते, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी मीच मध्ये पडले, सकाळी साक्षगंधाच्या आधी बातमी होईल असं मेंबरला कळवलं, आणि सतरंज्या पुन्हा अंथरायच्या म्हणून गोळा केल्या नाहीत.

सकाळी वंदना झाली. भाऊजी उठले. चौकटीत गेले नाहीत, मेंबरच्या समोर येऊन उभे राहिले. मुलीचा बाप, म्हणून आपोआप हात जोडले गेले. बातमी तीच होती. "टाकीत आजही पानी आलं नाई. मेंबर शिडीनं वर चढले. आत स्वच्छ हाय." पण जोडलेल्या हातांनी ती काही वेगळीच ऐकू आली. कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक पुसलं. गयाबाई पुटपुटली की हाव बाप्पा, खरंच पानी नाई. मेंबर हसायच्या तयारीनं बसले होते, त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग तेही उठले आणि त्यांनीही हात जोडले. साक्षगंध झालं, उन्हाळ्यातच लग्न झालं, पोरगी सुखात आहे.

भाऊजी मात्र त्यानंतर पेटीत बसले नाहीत. पुढच्या शनिवारी मी गॅसबत्ती घेऊन गेले, तर ते ओसरीत शेंगा फोडत होते. म्हणाले, "हात जोडून बातम्या देता येत नाईत, मास्तरीणबाई. तुमी दुसरा जवाई पाहा." माणूस तोच, आवाज तोच, पण गावात कोणी समोर आलं की आता आधी तेच उठून उभे राहतात.

दुसरा जावई पाहायचं काम माझ्याकडे आहे. गावचे बहुतेक जावई बाहेर नोकरीला, येतात ते दिवाळीपुरते. एक इंझोरीचा आहे, इथंच राहतो, आवाज खणखणीत आहे. शांताबाईही म्हणाली, विचार त्याले. त्याच्या घरावरून मी रोज शाळेत जाते. अजून विचारलेलं नाही.