सर्व्हेअर येईपर्यंत

साकोलीतल्या त्या गॅरेजवाल्याला गाडी दुरुस्त करताना मी क्वचितच पाहिलं. बहुतेक वेळा तो मोडक्या गाड्या राखत बसलेला असतो.

रानडुक्कर आडवं आलं आणि माझी गाडी मोहाच्या झाडावर आदळली. ओढत त्याच्याकडे नेली, तर त्याने आधी खिशातून खडू काढला आणि प्रत्येक पोच्याभोवती गोल काढला. मी बॉनेटवरचा चिखल पुसायला गेलो, तसं त्याने माझं मनगट धरलं.

"हात नोका लावू भाऊ. विम्याचा सर्व्हेअर येऊन राहिला."

सर्व्हेअर काही येईना. दरम्यान फुटलेल्या हेडलाइटच्या खळग्यात एक कोंबडी अंडी उबवायला बसली. मी म्हटलं, निदान तिला तरी हाकला.

"काहून हाकलू? मंग सर्व्हेअर म्हणन, गाडीले कोणी हात लावला."

माझा संताप व्हायचा. पण गाडीला इतकं मीही कधी जपलं नव्हतं, हेही खरं.

शेवटी सर्व्हेअर आला. त्याने कोंबडीसकट फोटो काढले, मान डोलावली आणि निघताना स्वतःची गाडी मागे घेत गॅरेजच्या फाटकावर आदळवली. मागचा दिवा फुटला. उतरून तो काचा उचलायला वाकला, तोच आमच्या गॅरेजवाल्याने त्याचं मनगट धरलं. खडू काढला, फुटक्या दिव्याभोवती सावकाश गोल काढला.

"हात नोका लावू साहेब. सर्व्हेअर येऊ द्या."

साहेबांनी हात मागे घेतला आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.