प्राण्यांच्या पुलावरचे दीर

माझे धाकटे दीर प्राण्यांच्या पुलावर नोंदणी कारकून होते. मोठ्या रस्त्याने रान दुभंगलं, म्हणून हरणांना पलीकडे जाता यावं यासाठी माती टाकून, गवत लावून हा पूल बांधला होता. शेजारीच माणसांसाठी जिन्याचा लोखंडी पूल होता. पण माणसांना गवतावरून चालणं आवडलं आणि हरणं मुकाट्याने जिना चढू लागली. दिरांनी पाट्या लावल्या, शिट्ट्या फुंकल्या, पण दोघांपैकी कुणीही ऐकेना.

खोटं लिहिणं दिरांच्या स्वभावात नव्हतं. गवताच्या पुलावरून किती प्राणी गेले त्याच्या वहीत रोज ‘प्राणी : शून्य’. शेवटी वरून पत्र आलं की प्राणी येत नसतील तर ही जागा रद्द होईल. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

तपासणीला साहेब आले.

“मग हे एवढे कोण चाललेत?”

“माणसं आहेत, साहेब.”

“माणूस म्हणजे काय दगड आहे? प्राणीच ना? लिहा!”

नोकरी वाचली. छापील तक्त्यात मात्र नर, मादी, पिल्लू एवढेच रकाने होते, आणि शेवटी शेरा. दुसऱ्या दिवशी जाऊबाई जेवणाचा डबा घेऊन गवताचा पूल ओलांडून आल्या आणि वहीत डोकावल्या.

“अहो, ‘मादी, एक, पूर्ण वाढ झालेली’ ही कोण?”

“तूच. खोटं कसं लिहू?”

“आणि पुढे ‘चाल मंद’?”

“गुडघे दुखतात, असं तूच म्हणतेस ना?”

तेव्हापासून जाऊबाई डबा घेऊन जिन्यानेच येऊ लागल्या, गुडघे धरत, हरणांच्या मागोमाग.