वॉरंटावर नाव कोणाचं?

सूर्यभान गावंडे वऱ्हाडातल्या एका तुरुंगात जमादार होता. कोणत्या, ते विचारू नका. ज्या गोष्टीची तिथल्या दप्तरात नोंद नाही, ती आता उकरून कुणाच्या तरी माथी कशाला मारायची? साल मात्र सांगतो, एकोणीसशे अठ्ठावन्न.

नवा कैदी फाटकातून आत आला की वॉरंटावरचा माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे याची खातरजमा करायची, हे सूर्यभानचं काम. नाव, बापाचं नाव, गाव, वय आणि शेवटी ओळखीच्या खुणा. डाव्या गालावर तीळ, पाठीवर गळवाचा व्रण, करंगळी वाकडी. सूर्यभान कंदील असल्यासारखा डोळा जवळ नेऊन बघायचा आणि बोटाने तीळ घासून पाहायचा, शाईचा तर नाही ना म्हणून. वीस वर्षांत त्याच्या हातून एक माणूस चुकीचा आत गेला नाही की बाहेर आला नाही.

पण कामाची ही सवय घरापर्यंत आली, तिथे पंचाईत झाली. दूधवाल्याच्या दुधात बोट, न्हाव्याच्या वस्तऱ्यावर नजर, पाहुण्याच्या पिशवीकडे दोनदा बघणं. जेवायला बसला की बायकोने वाढलेली भाकरही आधी उलटी करून बघायचा आणि मगच तोडायचा. बायको माणिकबाई शेजारणींना सांगायची, "लग्नात अंतरपाट दूर झाला तवा यायनं माह्या तोंडाकडं नाई पाह्यलं. हनुवटीवरच्या तिळाकडं पाह्यलं." शेजारणी हसायच्या. माणिकबाई नुसती म्हणायला हसायची.

त्या तुरुंगात दर ऐतवारी शांतवन मास्तर यायचे. गावातल्या मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि चर्चमध्ये उपदेश करायचे. जेलरसाहेबांनी त्यांना तासाभराची परवानगी दिली होती. कडुनिंबाखाली वीस-पंचवीस कैदी बसायचे. त्यातले निम्मे देवासाठी नाही, तर सावलीसाठी येत, हे मास्तरांनाही माहीत होतं. सूर्यभान फाटकात मास्तरांची पिशवी रिकामी करून घ्यायचा, बायबल उलटं धरून झटकायचा आणि मग मास्तरांच्या मागे काठी टेकून उभा राहायचा. फुकट येऊन, फुकट गोड बोलून, फुकट परत जाणारा माणूस त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

त्यात मास्तर बोलायचे तेही नेमकं त्याच्या खात्यातलं. शिक्षा आपली होती, भोगली त्याने, असं दर आठवड्याला.

एका ऐतवारी सूर्यभानला राहवेना. कैदी उठून गेल्यावर त्याने मास्तरांना गाठलं.

"मास्तर, एक इचारतो. तुमच्या त्या येशूचा मामला. वॉरंटावर नाव कोनाचं होतं?"

मास्तर म्हणाले, "पापाचं वॉरंट म्हणाल, तर त्यावर नाव तुमचं-माझं."

"अन् आत गेला तो?"

"हो."

"त्यानं काईच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"म्हंजे बदली कैदी! मास्तर, आमच्याइथं याले गुन्हा म्हनतात. उघडकीस आलं त दोघंबी आत जातात. न्यायाधीशाले मालूम होतं का नाई?"

"मालूम होतं. न्यायाधीशाचाच मुलगा होता तो."

"घ्या! मंग त वशिल्याचं काम झालं."

"जमादार, वशिल्याने माणूस सुटतो," मास्तर म्हणाले. "हा वशिला असून अडकला."

सूर्यभान हार मानणारा नव्हता. "अन् तिसऱ्या दिवशी कबर रिकामी म्हनता. पहाऱ्यावर कोन होतं?"

"शिपाई होते. आम्हाला झोप लागली असं सांगा, म्हणून वरून त्यांना पढवलं."

"हे मातर पटते," सूर्यभान म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने खरा प्रश्न विचारला. "बरं, एवढं केलं त त्याले बदल्यात काय पाह्यजे?"

"काही नको. विश्वास ठेवा, एवढंच."

"काई नको?" सूर्यभानने मास्तरांकडे असं पाहिलं, जणू मास्तरांच्याच हनुवटीवर कुणी शाईचा तीळ काढला असावा. "असं कोनी करत नसते."

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. कैदी हौदावर अंघोळ करत होते. त्यात किसन नावाचा एक होता, अंजनगावकडचा. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला म्हणून सहा महिने सक्तमजुरी. अपील चालू असेपर्यंत जामिनावर बाहेर होता, अपील फेटाळल्यावर हजर झाला. तो आत आला त्या दिवशी सूर्यभान मेहुण्याच्या लग्नाला रजेवर होता आणि खुणा दुसऱ्याच शिपायाने पाहिल्या होत्या. सूर्यभानने त्याची पोटरी पाहिली. उजव्या पोटरीवर भाजल्याचा व्रण, वॉरंटात होता तसाच, तिथेच. पण वॉरंटात लिहिलं होतं, 'जुना व्रण'. हा गुलाबी होता. चार महिने होऊनही कडेची कातडी अजून चकाकत होती.

सूर्यभानने त्याला बागेच्या कोपऱ्यात एकटं गाठलं.

"नाव?"

"किसन."

"खरं नाव इचारून राहिलो."

त्याने सूर्यभानच्या डोळ्यांत पाहिलं आणि खाली बसला. "देवमन," तो म्हणाला. "किसन माहा मोठा भाऊ. त्याले चार पोरी हायेत, जमादारसाहेब. माह्यामागं कोन हाय? बायको गेली, लेकरू नाई."

"अन् हा व्रण?"

"दादा लहानपनी चुलीवर पडला होता. म्या इळा तापवला अन् ठेवला."

विळा तापवून स्वतःच्या पोटरीवर ठेवला, हे त्याने कापूस वेचला म्हणावं इतक्या साधेपणाने सांगितलं. सूर्यभानच्या अंगावर काटा आला आणि लगेच रागही आला. सगळा दोष त्याने मास्तरांच्या पदरात घातला. ऐतवारी बायबल झटकायचंही विसरून तो फाटकातच गरजला, "तुमीच पढवता यायले! बदली बसा म्हनून!"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "माझं काही ऐकायच्या आधीच तो आत आला होता, जमादार. आणि मी जे सांगतो ते एकदाच झालं. पुन्हा कुणाला करावं लागू नये, म्हणून झालं. तुम्ही कळवायचं तर कळवा. खोटं बोला, असं मी सांगणार नाही."

कळवायचंच होतं. सूर्यभानने रिपोर्ट लिहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. जेलरसाहेब दौऱ्यावर होते, गुरुवारी येणार होते. रिपोर्ट गेला की देवमनला नवा खटला, किसनला बेडी आणि चार पोरी उघड्यावर. कायद्याने तेच बरोबर होतं. तरी तो कागद खिशात ठेवून सूर्यभानला तीन दिवस घास गेला नाही. का गेला नाही, ते माणिकबाईलाही ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी की, सूर्यभानच्या अंगावरचा हा सरकारी सदराच मुळात दुसऱ्याच्या शिक्षेवर शिवलेला होता. सदतीस साली तो एकोणीस वर्षांचा होता. तुरुंगखात्यात निवड झाली होती, फक्त चालचलणुकीचा दाखला यायचा होता. त्याच आठवड्यात पाटलाच्या कडब्याच्या गंजीशी त्याने चोरून ओढलेली बिडी टाकली. गंजी गेली, गोठा गेला, दावणीला बांधलेले दोन बैल भाजून मेले. चौकशीला माणसं जमली तेव्हा सूर्यभानची वाचा बसली होती. त्याचा मोठा भाऊ नत्थुजी पुढे झाला आणि म्हणाला, "बिडी माही." सहा महिने भोगून आला. तोवर गावाने त्याचं नाव 'जाळ्या' पाडलं होतं. कुणी मुलगी दिली नाही. तो गाव सोडून बडनेऱ्याला मालधक्क्यावर हमाल झाला, तो तिथेच राहिला.

आणि सूर्यभान? तो तुरुंगात त्याला भेटायला एकदाही गेला नाही. पुढे वीस वर्षं बडनेऱ्याची वाट त्याने टाळली. कुणाच्या लग्नात भाऊ दिसलाच तर हा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. त्याला भीती होती की नत्थुजी एक दिवस येईल आणि मागेल. काय मागेल ते माहीत नव्हतं, म्हणून तर भीती जास्त. एवढं करून कुणी गप्प बसतं का? काहीतरी पोटात असणारच. हजारो अनोळखी माणसांचे तीळ आणि व्रण त्याला पाठ होते, पण सख्ख्या भावाच्या अंगावरची एक खूण त्याला सांगता आली नसती.

गुरुवारी सकाळी जेलरसाहेब यायच्या आत फाटकावर एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर वर करून त्याने उजवी पोटरी दाखवली. पांढरा, सुरकुतलेला, जुना व्रण. वॉरंटात लिहिला होता तसा.

"मी किसन," तो म्हणाला. "मले आत घ्या."

सूर्यभानने त्याला हाताला धरून भिंतीच्या आडोशाला ओढलं. "काहून आला?"

"जेवन जात नाई, साहेब. बायको पान वाढते अन् मले वाटते, हे देवमनचं पान हाय."

सूर्यभानचा संशय लगेच जागा झाला. "त्यानं बदल्यात काय मांगतलं?"

"काईच नाई."

"नीट आठव. वावरातला हिस्सा? पुढं कवा मांगीन, असं म्हनला?"

"काईच मांगतलं नाई, म्हनून त आलो!" किसन रडायला लागला. "मांगतलं असतं त देल्लं असतं. मोकळा झालो असतो."

सूर्यभान भिंतीला टेकला. वीस वर्षं आपण मागण्याची वाट बघत होतो, ती भीतीने नव्हे, हे त्याला त्या क्षणी कळलं. भावाने काहीतरी मागावं, म्हणजे ते देऊन आपण सुटावं, एवढीच त्याची आस होती. आणि भावाने तेवढीही सोय केली नव्हती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"हे पाह्य," तो शेवटी म्हणाला. "तू आत गेला त दोघंबी अडकसान. त्यानं भोगलेले चार महिने पान्यात जातीन. ते झालेलं हाय. आता ते तुले उलटं करता येत नाई."

"मंग म्या काय करू?"

"पोरी सांभाळ. अन् पंधरा दिवसांनी भेट असते, त्याच्या भेटीले येत जाय. वहीत भाऊ म्हनून देवमनचं नाव लिव. म्या काई इचारत नाई." मग तो म्हणाला, "पन येजो. माह्यासारखं करू नको."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ किसनला कळला नाही. तो गेल्यावर सूर्यभानने खिशातला रिपोर्ट काढला आणि पहाऱ्यावरच्या शिपायांच्या चहाच्या चुलीत घातला. नोकरीतलं त्याचं ते पहिलं खोटं.

पुढच्या ऐतवारी त्याने मास्तरांचं बायबल नेहमीसारखं झटकलं. तो काही ख्रिस्ती झाला नाही, आणि मास्तरांवरचा त्याचा संशयही पुरता गेला नाही. पण तास संपल्यावर त्याने विचारलं, "मास्तर, ज्याले आपल्याकडून काईच नको असते, त्याच्यासंग वागावं तरी कसं?"

"त्याच्याकडे जावं," मास्तर म्हणाले.

दोन दिवसांनी भर दुपारी सूर्यभान बडनेऱ्याला उतरला आणि मालधक्क्यावर गेला. नत्थुजी पन्नाशीचा दिसत होता. चिंचेखाली फडकं सोडून जेवायला बसत होता. त्याने वर पाहिलं आणि तो घाबरलाच. "सूर्या? घरचं कोनी गेलं का?"

"नाई, दादा." सूर्यभान मातीतच बसला. गाडीत बसून जुळवलेली सगळी वाक्यं विसरला. "त्या गंजीतली बिडी माही होती."

"मालूम हाय ना."

"तुले काय पाह्यजे, दादा? वीस वर्सं झाली. तू मांगत काहून नाई?"

नत्थुजीने फडक्यातली भाकर हातात घेतली. "पाह्यजे होतं तवा," तो म्हणाला. "सहा भेटी होत्या, महिन्याले एक. दर भेटीले मुकादम नावं पुकारत होता अन् मी उठून उभा राहत होतो. वाटे, सूर्या येईन. तू दिसावा, एवढंच." मग त्याने भाकर मधोमध तोडली. "आता आला. झालं."

सूर्यभान ओक्साबोक्शी रडला. मालधक्क्यावरचे हमाल बघत होते, तरी रडला. खाली घातलेल्या नजरेला भावाचे घोटे दिसले. दोन्ही घोट्यांवर बेडीचे काळपट व्रण होते.

"जेव," नत्थुजी म्हणाला आणि अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली, वर अंबाडीची भाजी.

सूर्यभान जेवू लागला. भाकर खालच्या बाजूने चांगलीच करपलेली होती. ते त्याला शेवटच्या घासाला कळलं.