पाठ करून घेतलेलं उत्तर

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये माझी सगळी नोकरी छापील तावांवरच्या चुका शोधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मी एक काम अंगावर घेतलं. ज्यांची मुलं वयानं वाढली पण समजेनं लहानच राहिली, अशा आईबापांबरोबर सरकारी कचेऱ्यांत जायचं, दाखले मिळवून द्यायचे, साहेबांशी त्यांच्या वतीनं बोलायचं. लोक त्याला समाजसेवा म्हणत. खरं सांगायचं तर मला घरात बसवत नव्हतं, आणि चार माणसांनी आपलं ऐकावं ही माझी जुनी खोड.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक म्हातारी आणि तिची अडतीस वर्षांची मुलगी राहत. मुलगी मला मावशी म्हणायची. तिला पैसे मोजता येत नव्हते, घड्याळ कळत नव्हतं, पण मेथी निवडावी तर तिनंच. एकही पिवळं पान राहायचं नाही. आम्ही सगळ्या बायका सकाळी तिच्या दारात जुड्या ठेवून जायचो आणि दुपारी ती स्टीलच्या पातेल्यात भाजी घेऊन दारोदार फिरायची. बेल न वाजवता हाक मारायची, "मावशी, झाली!"

म्हातारीला एकच घोर होता. "ताई, माझ्यामागं हिचं कसं व्हायचं? माझी एकलहऱ्याची भाची एकटीच हाय. ती इथं येऊन राहील म्हणते. पोरगी आपल्या घरातच राहील."

मी ते उडवून लावलं. भाची म्हणजे लांबचं नातं, उद्या घर लाटून बसली तर? गंगापूर रोडला मुलीचा सख्खा भाऊ असताना दुसरीकडे कशाला बघायचं? कायदेशीर पालक म्हणून त्याचंच नाव लावू. म्हातारीनं मी पुढे केलेल्या अर्जावर अंगठा उठवला. शिकलेल्या बाईपुढे काय बोलणार?

पालक नेमताना मुलीलाही विचारतात, हे मला ठाऊक होतं. ती गोंधळली तर काम अडकायचं, आणि सरकारी काम अन् सहा महिने थांब हे मी जन्मभर पाहिलेलं. म्हणून आठ दिवस रोज संध्याकाळी मी तिची तयारी करून घेतली. "कुठे राहायचंय?" मी विचारायची. पहिले दोन दिवस ती म्हणाली, "घरी." मी मान हलवून नाही म्हणायची. तिसऱ्या दिवशी ती बरोबर बोलली, "दादाकडे राहीन." मी तिच्या हातावर बिस्कीट ठेवलं. मग चुकलीच नाही.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई फार सौम्य होत्या. त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि मुलीलाच विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान डोलावली. "दादाकडे राहीन." घोडं एकदाचं गंगेत न्हालं. मला कोण आनंद! जिन्यावर तिनं माझा पदर धरला आणि विचारलं, "मावशी, आता घरी?" मी म्हटलं, "हो गं, घरीच." तेव्हाही मला काही खटकलं नाही.

चार महिन्यांनी म्हातारी गेली. भावानं बहिणीला नेलं, घर विकलं. तो वाईट माणूस नाही, वहिनीही नाही. मुलीचे कपडे स्वच्छ असतात, औषधं वेळेवर मिळतात. पण त्या घरात भाजी निवडलेली येते, पाकिटातून.

परवा मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन गेले. ती पूर्वीपेक्षा खूप शांत झाली होती. जुड्या पाहून मात्र लगेच फरशीवर बसली. तासभर निवडत होती. पातेलं भरल्यावर उठली आणि समोरच्या फ्लॅटच्या दारात जाऊन हाक मारली, "मावशी, झाली!" दार उघडलं. कुणीतरी हसून म्हणालं, "नको गं बाळा, आमच्याकडे आहे." दार लागलं. ती पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मी तिला आत आणलं. मला रडू आवरेना.

म्हातारीचं ऐकलं असतं तर ही आज आमच्या जिन्यात हाका मारत फिरली असती. सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला स्वतःची एवढी मोठी चूक दिसली नाही, आणि आता घरच उरलेलं नाही. तरीही मला तिच्या तोंडून एकदा खरं ऐकायचं होतं. मी तिच्याजवळ बसले, मान अजिबात हलवली नाही आणि विचारलं, "बाळा, तुला कुठे राहायचंय?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घाईघाईनं म्हणाली, "दादाकडे राहीन."

आणि बिस्किटासाठी हात पुढे केला.