रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्या

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात तपासणी समिती येणार म्हटलं की झाडांनाच आधी घाम फुटायचा. त्या फेब्रुवारीत प्राचार्यांना वनस्पतिशास्त्र विभागामागे नुसत्या मातीच्या कुंड्यांच्या दोन रांगा दिसल्या. समितीला रिकामी कुंडी दिसता कामा नये, हा त्यांचा शैक्षणिक सिद्धान्त. आम्ही परीक्षेच्या कामात होतो, तेवढ्यात सगळीकडे झेंडू लागला. समितीने हिरवाईचं कौतुक केलं.

कुंड्या रिकाम्या नव्हत्या. रानहळद पानं टाकून पावसाळ्यापर्यंत मातीखाली झोपते. एका रांगेत नेहमीची, गुलाबी तुऱ्याची होती, दुसरीत बोरीवलीच्या एका उतारावरची, पांढऱ्या तुऱ्याची. ती वेगळी जात असावी, असं माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मैत्रिणीला वाटत होतं. उतार कापून तिथे भिंत घालायची होती. जात वेगळी निघाली तरच काम थांबणार होतं, आणि तसा अहवाल तिने द्यायचा होता.

जग केव्हाच डीएनएकडे वळलं होतं. आमच्याकडे जुनीच पद्धत होती. पान बर्फावर वाटायचं, रस स्टार्चच्या थलथलीत वडीत सोडायचा, वीज लावायची. एकच एन्झाइम दोन जातींत जरा निराळं असतं, म्हणून कमीजास्त सरकतं. रंग दिला की पट्टे दिसतात. बोरीवलीहून पान आणेपर्यंत एन्झाइम मरून जातं, म्हणून कुंड्यांचा खटाटोप.

झेंडू सुकल्यावर कॉलेजच्या माळीमामांनी त्या कुंड्यांत पुन्हा हळदीचे गड्डे लावले. पावसात दोन्ही रांगांना पानं आली. पानांवरून त्या ओळखू येत नाहीत. पट्टे तंतोतंत जुळले.

"एकच आहे गं," मैत्रीण म्हणाली. "वाट लागली उताराची."

"परत करून बघ."

"केलं ना यार, दोनदा!"

तिने प्रामाणिकपणे तसाच अहवाल दिला.

सप्टेंबरात कुंड्या फुलल्या. झाडून सगळे तुरे गुलाबी. आम्ही माळीमामांना गाठलं.

"जुने गड्डे कचऱ्याच्या गाडीत गेले, मॅडम. मी कॅन्टीनमागचे लावले. हळद ती हळदच ना?"

त्याच दुपारी आम्ही बोरीवलीला गेलो. भिंत उभी होती, सिमेंट अजून ओलसर. अहवाल खोटा ठरवायला त्या उतारावरचा एक जिवंत गड्डा लागणार होता. ती भिंतीच्या कडेने वाकून शोधू लागली.

"मॅडम, इकडे काय नाही आता," वॉचमन म्हणाला. "सगळा साफ केला."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मातीत बोटं घालून ती पुढे सरकत राहिली.